अर्थशास्त्राची पदवी पुण्यात: एफवायच्या पहिल्या आठवड्यापासून नोकरीच्या पत्रापर्यंत

अर्थशास्त्र शिकणाऱ्याला पुण्यात सोयींची कमी नाही. १९३० साली स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था इथे आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग आहे, फर्ग्युसन, स. प., मॉडर्न, गरवारे ही महाविद्यालयं आहेत, सिंबायोसिसची स्वतंत्र अर्थशास्त्र शाखा आहे. तरीही टीवाय संपताना अनेकांच्या हातात गुणपत्रिकेशिवाय दाखवण्यासारखं काही नसतं. तीन वर्षं अपेक्षित प्रश्नसंच पाठ करण्यात जातात. नोकरी देणारा किंवा एम.ए.ला प्रवेश देणारा मात्र वेगळंच तपासतो: आकड्यांचा तक्ता वाचता येतो का, त्यातून एखाद्या प्रश्नाचं उत्तर काढता येतं का, आणि ते उत्तर एका पानात नीट लिहिता येतं का. ही तिन्ही कामं पदवीच्या वर्षांतच शिकून होतात. त्यासाठी काय करायचं ते पुढे क्रमाने दिलं आहे.

प्रवेशाआधी अभ्यासक्रम उघडून बघा

बी.ए. की बी.एस्सी. यावर घरात बराच खल होतो. नावापेक्षा आतले विषय महत्त्वाचे. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून सगळ्या सत्रांचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि त्यात गणित, संख्याशास्त्र आणि अर्थमिती (आकड्यांवरून आर्थिक संबंध मोजण्याचं शास्त्र) यांचे मिळून किती पेपर आहेत ते मोजा. चार किंवा जास्त असतील तर पुढच्या वाटा बऱ्याच मोकळ्या राहतात. एकच असेल तर उरलेलं स्वतः शिकावं लागेल हे धरून चाला. जोडविषय निवडायची मुभा असेल तर संख्याशास्त्र घ्या. मैत्रीण राज्यशास्त्र घेतेय म्हणून तेच घेणं हा सर्रास होणारा आणि पुढे महागात पडणारा निर्णय आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन वर्षांत संपवता येते किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. चौथं वर्ष संशोधनासह करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा तेवढी श्रेणी लागते. एखाद्या विषयात केटी लागली की सरासरी खाली येते, म्हणून ही अट एफवायपासूनच डोक्यात ठेवा. ज्यांना लवकर कमावणं गरजेचं आहे त्यांनी तीन वर्षांत बाहेर पडण्यात काहीच गैर नाही. संशोधन किंवा परदेशी शिक्षण मनात असेल तर चौथं वर्ष उपयोगी पडतं.

गणिताची भीती पहिल्या वर्षातच काढा

कला शाखेतून आलेल्या मुलांची खरी अडचण इथे असते, आणि ती पहिल्या वर्षात सुटली नाही तर टीवायला अर्थमितीच्या पेपरात गळ्याशी येते. क्रम असा ठेवा: सुरुवातीला दहावीचं बीजगणित आणि आलेख पक्के करा. रेषेचा उतार आणि घातांक आले की लॉगॅरिदम घ्या. त्यानंतर अवकलन, मग महत्तम-लघुत्तम काढणं, मग संभाव्यता, आणि शेवटी सारणी (मॅट्रिक्स). रोज एक तास दिला तर अवकलनापर्यंतचा भाग एका सत्रात होतो. अकरावी-बारावीची गणिताची पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतात, ती मराठीतही आहेत. जुनी संदर्भपुस्तकं अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीत मिळू शकतात.

अवकलन कशासाठी लागतं ते एका उदाहरणात कळतं. एका कारखान्याचा एकूण खर्च १०० + २०q + २q² आहे, यात q म्हणजे नग. दहा नगांचा खर्च ५०० रुपये येतो, अकरा नगांचा ५६२. म्हणजे अकराव्या नगाचा जादा खर्च ६२ रुपये. आता सूत्राचं अवकलन करा: २० + ४q. यात q = १० घातलं की ६० येतात. ६० आणि ६२ मधला फरक पाहून पुष्कळजण गोंधळतात. ६० हा दहाव्या नगाच्या बिंदूवरचा उतार आहे, ६२ ही पूर्ण एक नग पुढे गेल्यावरची वाढ आहे. मधल्या वाटेत उतार वाढत जातो म्हणून फरक पडतो. याच सूत्रातून सरासरी खर्च काढा आणि तो सगळ्यात कमी कुठे होतो ते शोधा. सुमारे ७.०७ नगांवर तो ४८.२८ रुपये येतो, आणि सीमांत खर्चही, म्हणजे वर अवकलनातून आलेला २० + ४q हा जादा खर्च, तिथे बरोबर तेवढाच असतो. सीमांत खर्चाची रेषा सरासरी खर्चाला तळाशी छेदते हे वाक्य परीक्षेत सगळेच लिहितात. ते आकड्यांनिशी स्वतः करून पाहिलेल्या मुलाला पुढे ते पाठ करावं लागत नाही.

परीक्षेबद्दल थोडक्यात: आकृतीत दोन्ही अक्षांना नावं द्या, समतोल बिंदूला अक्षर द्या आणि उत्तरात त्या अक्षराचा उल्लेख करा. गृहीतकं आधी लिहा. सिद्धांताचं मूल्यमापन, म्हणजे तो कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे शेवटी दोन ओळींत का होईना, पण लिहा. इंटर्नलची सबमिशन वेळेत गेली की निम्मी काळजी मिटते.

आकडे कुठून आणायचे आणि चुका कुठे होतात

एसवायपासून महिन्याला एक तरी प्रश्न खऱ्या आकड्यांवर सोडवा. चार स्रोत ओळखीचे हवेत. रिझर्व्ह बँकेच्या डेटाबेसवर बँका, चलन, व्याजदर यांच्या जुन्या मालिका एक्सेलमध्ये मिळतात. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय राष्ट्रीय उत्पन्न, महागाई आणि श्रमशक्ती सर्वेक्षणाचे आकडे देतं. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर महाराष्ट्राची आर्थिक पाहणी काढतं. ती मराठीतही असते, आणि मराठी माध्यमाच्या मुलांनी सुरुवात तिच्यापासूनच करावी. शेतमालाच्या भावांसाठी राज्य कृषी पणन मंडळ आहे, त्याचं मुख्यालय गुलटेकडीला मार्केट यार्डातच आहे.

पहिला प्रकल्प म्हणून कांदा घ्या. प्रश्न नेमका ठेवा: पुण्याच्या बाजारात घाऊक भाव हलला की किरकोळ भाव किती दिवसांनी हलतो? "कांद्याच्या समस्येचा अभ्यास" या शीर्षकाखाली काहीच हाती लागत नाही.

पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर मिळतो. किरकोळ भावांसाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाचे रोजचे आकडे आहेत. दोन वर्षांचे आकडे एका तक्त्यात आणा: एका ओळीत एक दिवस, एका रकान्यात एकच गोष्ट. इथे पाच ठिकाणी घसरायला होतं. घाऊक भाव क्विंटलला असतो, किरकोळ किलोला. आधी शंभराने भागा. यादीत पुणे, पुणे-पिंपरी, पुणे-मोशी, पुणे-खडकी हे वेगवेगळे बाजार आहेत, त्यामुळे एक निवडून त्यालाच चिकटून राहा. लाल, उन्हाळी, लोकल या जातींचे भाव एकत्र केले तर हंगाम बदलल्यावर भाव बदलल्याचा भास होतो. सुट्टीच्या दिवशी बाजार बंद असतो, त्या दिवसाच्या भावाची जागा रिकामी ठेवा. शून्य भरलं की सरासरी कोसळते. आणि एखाद्या दिवशी भाव अचानक दहापट दिसला तर ती बहुधा नोंदीतली चूक असते. अशी नोंद गुपचूप खोडू नका, टिपेत लिहून बाजूला काढा.

महिन्याची सरासरी काढताना आवकेचा भार द्या. समजा एका दिवशी १,००० क्विंटल कांदा २,००० रुपयांनी गेला आणि दुसऱ्या दिवशी १०० क्विंटल ३,००० रुपयांनी. साधी सरासरी २,५०० येते. भारित सरासरी येते सुमारे २,०९१. शेतकऱ्याच्या खिशात खरोखर काय आलं ते दुसरा आकडा सांगतो.

मग आलेख काढा आणि त्यावर सरकारी निर्णयांच्या तारखा उभ्या रेषांनी दाखवा: ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली, १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्ण गेलं. बंदीनंतर भाव पडलेला दिसेल, आणि लगेच "बंदीमुळे पडला" असं लिहायचा मोह होईल. तिथे थांबा. डिसेंबरात खरिपाच्या लाल कांद्याची आवकही वाढते. दोन्ही कारणं एकाच वेळी आली असताना एकालाच श्रेय देता येत नाही. मागच्या तीन-चार वर्षांत त्याच महिन्यांत भाव किती पडले होते ते बाजूला मांडा आणि तुलना करा. अर्थशास्त्रातली खरी विद्या या थांबण्यातच आहे, आणि मुलाखत घेणारा जाणकार नेमकं हेच तपासतो.

दुसरा प्रकल्प श्रमशक्ती सर्वेक्षणावर, म्हणजे पीएलएफएसवर करा. त्याचा घरोघरचा डेटा मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत मिळतो. फाईल उघडल्यावर नुसते अंक सलग लागलेले दिसतील. कुठला अंक कशाचा ते सोबतच्या मांडणीच्या फाईलमध्ये असतं. प्रत्येक ओळीला भारांक असतो, कारण नमुन्यातली एक व्यक्ती बाहेरच्या शेकडो-हजारो लोकांच्या वतीने मोजलेली असते. भारांक न लावता काढलेलं प्रमाण चुकीचं येतं, आणि प्रकाशित अहवालाशी जुळत नाही म्हणून मुलं डेटालाच दोष देतात. सोबतच्या माहितीपत्रातलं सूत्र लावा, अहवालातला एक आकडा हुबेहूब येतो का ते पाहा, आणि मगच स्वतःच्या प्रश्नाकडे वळा.

बेरोजगारीचा दर काढताना भाजक नीट घ्या. १०० प्रौढांपैकी ५० जण काम करतात, ५ जण काम शोधताहेत, ४५ जण शिकतात किंवा घर सांभाळतात. बेरोजगारीचा दर ५ टक्के नव्हे, ५ भागिले ५५ म्हणजे ९.१ टक्के. शिवाय सर्वेक्षणात नेहमीची स्थिती (मागच्या वर्षभरातली) आणि चालू आठवड्याची स्थिती (मागच्या सात दिवसांतली) अशी दोन मोजमापं असतात. एका वर्षाचं एक आणि दुसऱ्या वर्षाचं दुसरं घेऊन "बेरोजगारी वाढली" असं लिहिलं की सगळी मेहनत वाया.

सॉफ्टवेअर: दोन पुरेत

आधी एक्सेल. पिव्होट टेबल, एक्सलुकअप, सरासरी-प्रमाणविचलन, नीट लेबल लावलेला आलेख इतकं सहज यायला हवं. मग आर किंवा पायथन यांपैकी एक प्रोग्रामिंगची भाषा, दोन्ही मोफत आहेत. अर्थशास्त्रासाठी आमचा कौल आरला, कारण सर्वेक्षणाचे भारांक हाताळणं त्यात सोपं जातं. विश्लेषण कंपन्यांतच जायचं असेल तर पायथन आणि डेटाबेसमधून माहिती काढायची एसक्यूएल घ्या. स्टाटा हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर महाग आहे. महाविद्यालयात असेल तर वापरा, नसेल तर अडून राहू नका. चोरीच्या प्रतीच्या नादी लागू नका. सगळ्यांची प्रमाणपत्रं गोळा करत बसण्यापेक्षा कांद्याच्या प्रकल्पाचा कोड नीट टिपा लिहून गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवा, त्याचं वजन जास्त पडतं.

वाचन आणि लिहिणं

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीचं निवेदन दर दोन महिन्यांनी येतं. मूळ निवेदन वाचा, मगच वर्तमानपत्रातली बातमी वाचा. समितीत सहा सदस्य असतात आणि कोणी काय मत दिलं ते नंतर इतिवृत्तात छापून येतं. वाचताना हे लक्षात ठेवा: फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचं कर्ज देते तो, ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आला. ही पाव टक्का-बिंदूची, म्हणजे २५ बेसिस पॉइंटची कपात. मूळ दराच्या प्रमाणात पाहिलं तर घट सुमारे ३.८५ टक्के. लेखी परीक्षेत आणि मुलाखतीत हा घोळ करणाऱ्याचे गुण हमखास जातात.

पुण्याच्या परंपरेतलं एक काम तरी मुळातून वाचा. उदाहरणार्थ, गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा १९७१ सालचा अभ्यास घ्या. किती उष्मांक देणारा आहार कितीला पडतो, इथून सुरू करून दारिद्र्यरेषेचा हिशेब कसा मांडला ते त्यात पायरी-पायरीने दिसतं. गोखले संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत घातलेलं लक्षही याच शहराच्या अर्थशास्त्राचा भाग आहे. अभ्यासक प्रत्यक्ष संस्था उभारायला हात लावतो, असा हा वारसा आहे. गोखले संस्थेतली काळे स्मृती व्याख्यानं ऐका. १९३९ साली डॉ. आंबेडकरांनी याच मालेत संघराज्यावर भाषण दिलं होतं. मराठी अर्थशास्त्र परिषदेचं 'अर्थसंवाद' चाळत राहा. गोखले संस्थेतलं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आणि विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय बाहेरच्या विद्यार्थ्यांना कोणत्या अटीवर खुलं आहे ते चौकशीच्या खिडकीवर विचारून घ्या. महाविद्यालयाचं पत्र बरोबर न्या.

दर आठवड्याला एक पान लिहा: वर प्रश्न, मग एक तक्ता किंवा आलेख, मग तीन परिच्छेद. मराठी माध्यमाच्या मुलांनी विचार मराठीत करावा आणि लिहिणं दोन्ही भाषांत करावं. इंग्रजीची भीती रोज वाचून आणि लिहूनच जाते. फाडफाड बोलायच्या क्लासचे हजारो रुपये वाचवा.

इंटर्नशिप

उन्हाळी सुट्टीसाठी अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत करा. एप्रिलमध्ये केलेल्या अर्जांना बहुतेक ठिकाणी जागा उरलेली नसते. पुण्यात पाहण्यासारखी ठिकाणं बरीच आहेत: उद्योजकांची संघटना असलेलं मराठा चेंबर, वैकुंठ मेहता सहकार व्यवस्थापन संस्था, कोंढव्याची राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था, धोरणविषयक काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था, आणि सहकारी बँका. जाहिरात नसली तरी विचारायला हरकत नाही.

ईमेल दहा ओळींच्या आत हवं. विषयात "दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी विनंती, मे-जून" असं स्पष्ट लिहा. पहिल्या ओळीत तुम्ही कोण आणि कोणत्या वर्षात. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत त्यांचं कोणतं काम वाचलं आणि त्यातलं काय पुढे नेता येईल. मग तुमच्या प्रकल्पाचा दुवा. शेवटी तारखा. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो आणि उत्तर येत नाही. आठ-दहा दिवसांनी एकदा नम्र आठवण करा, त्यानंतर सोडून द्या. काम संपताना मार्गदर्शकांकडून अनुभवपत्र लगेच घ्या. शिफारसपत्र हवं असेल तर सरांना किंवा मॅडमना तीन आठवडे आधी सांगा, सोबत गुणपत्रिका आणि प्रकल्पाची प्रत द्या.

पदवीनंतरच्या वाटा

भारतीय आर्थिक सेवा: यूपीएससी घेते, अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, वय २१ ते ३०. सामान्य इंग्रजी आणि सामान्य अध्ययन १००-१०० गुणांचे, सामान्य अर्थशास्त्राचे तीन आणि भारतीय अर्थशास्त्राचा एक पेपर प्रत्येकी २०० चा, मुलाखत २०० ची. जागा मोजक्या निघतात. एकूण १२०० पैकी ८०० गुण निव्वळ अर्थशास्त्राचे असल्याने ज्याचं एम.ए. पक्कं आहे त्याने ही परीक्षा सोडू नये.

रिझर्व्ह बँकेत ग्रेड बी अधिकाऱ्याच्या सर्वसाधारण जागेसाठी पदवीला ६० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. आर्थिक संशोधन विभागाच्या जागांसाठी अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, तिथली लेखी परीक्षा सखोल असते. प्राध्यापकीसाठी नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्यपातळीवरची) ही पात्रता परीक्षा. महाराष्ट्र-गोव्याची सेट पुणे विद्यापीठच घेतं.

आयआयटींच्या एम.एस्सी.साठी जॅम परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे: तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना चुकल्यास गुण कापले जातात. अनेक पर्याय बरोबर असलेल्या आणि संख्या लिहायच्या प्रश्नांना कापले जात नाहीत, ते कोरे सोडू नका. मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, भारतीय सांख्यिकी संस्था यांचे नियम आणि परीक्षा वेगवेगळ्या आहेत. त्या वर्षीची माहितीपत्रिका उतरवून तारखा भिंतीवर लावा.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून एमपीएससी करणाऱ्यांना एक आग्रहाचं सांगणं: वयाची किंवा वर्षांची मर्यादा आधीच ठरवा आणि घरी सांगून ठेवा. त्या काळात आकड्यांचं काम हातातून सुटू देऊ नका. दोन-तीन वर्षांनी नोकरीकडे वळायची वेळ आली तर रिकाम्या वर्षांबद्दल विचारलं जातंच, आणि तेव्हा दाखवायला काम लागतं.

खासगी क्षेत्रात पुण्यात बँकांची आणि वित्तसंस्थांची बॅक ऑफिसं, संशोधन आणि विश्लेषण कंपन्या आहेत. तिथे लेखी चाचणीत टक्केवारी, तक्तावाचन आणि एक्सेल येतं. मुलाखतीत तुमच्याच प्रकल्पावर खोदून विचारतात: हेच वर्ष का घेतलं, गाळलेल्या नोंदी किती, उलटं कारण असू शकतं का. बायोडेटा एका पानाचा ठेवा आणि त्यात स्वतः न केलेली एकही ओळ लिहू नका.

नोकरीचं पत्र आलं की सही करण्याआधी चार गोष्टी पाहा. वार्षिक पॅकेजमध्ये भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवरचा बोनस धरलेला असतो का, आणि तो वजा करून महिन्याला हातात किती येतं. प्रोबेशन किती महिन्यांचं. सोडताना किती दिवसांची नोटीस. आणि बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याचा करार, आहे का, असल्यास किती रकमेचा. मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याची अट असेल तर ती मान्य करू नका, झेरॉक्स द्या आणि मूळ प्रती पडताळणीपुरत्या दाखवून परत घ्या.